तो वाघ कोणाच्या शिवारातला?

नागपूर स्वतःला वाघांची राजधानी म्हणवते आणि त्याला कारणही आहे. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा-अंधारी, नवेगाव-नागझिरा ही सगळी जंगले येथून सकाळी निघून दुपारच्या आत गाठता येतात. तरीही या शहरातल्या बहुतेक मुलांना वाघ पहिल्यांदा भेटतो तो घरातल्या पडद्यावरच. सफारीचे आरक्षण, जिप्सीचे भाडे, मार्गदर्शकाचे शुल्क आणि मुक्काम यांची बेरीज केली, की मध्यमवर्गीय घराला ती सहल वर्षातून एकदासुद्धा जड जाते, आणि एवढे करून वाघ दिसेलच याची खात्री कोणी देत नाही. पावसाळ्यात तर जंगलाचा गाभा पर्यटकांना बंदच असतो. त्यामुळे आमच्या गावात निसर्गावरच्या माहितीपटांवर मोठी जबाबदारी येऊन पडते. मुलांच्या मनात रानाचे पहिले चित्र तेच रेखाटतात, आणि पहिले चित्र सहसा पुसले जात नाही. ते कोणते असावे आणि कोणाच्या सोबतीने पाहावे, याचा विचार मी गेली काही वर्षे सतत करते आहे.

आमच्या घरी हे माहितीपट पाहण्याचा हंगाम म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी. पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचलेला, खिडक्या झाकलेल्या, कूलर सुरू, आणि बाहेर पाऊल टाकण्याचा प्रश्नच नाही. अशा वेळी मुले, त्यांचे आतेभाऊ आणि आमच्या सासूबाई सगळे एका खोलीत गोळा होतात. सासूबाई नवेगावबांधच्या बाजूच्या. धानाचे बांध, तळी आणि तळ्यांपलीकडचे रान यांच्यातच त्या वाढल्या. इंग्रजी निवेदन त्यांना कळत नाही, पण पडद्यावरचे जनावर आमच्यापैकी कोणाहीपेक्षा त्यांना जास्त कळते. वाघ दिसला की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "हा वाघ कोणाच्या शिवारातला हाय?"

मुलांना आधी हा प्रश्न विचित्र वाटायचा. वाघ जंगलातला असतो, तो कोणाच्या शिवारातला कसा असेल, असे ती आजीला समजावत. पण सासूबाईंच्या आयुष्यात शिवाराबाहेरचा वाघ कधी नव्हताच. पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बायकांना ज्याचे पगमार्क ओल्या मातीत दिसत, तो अमुक गावाच्या नाल्याकडचा असे. ज्याने वासरू नेले तो तमुक गावाच्या पहाडीवरचा. त्या वाघाला पत्ता होता, शेजार होता, आणि त्या शेजारात माणसे होती. माहितीपट पाहताना मीसुद्धा आता मनातल्या मनात तोच प्रश्न विचारते, कारण जगातल्या अतिशय देखण्या चित्रमालिकांमधले रान बहुधा माणसांवाचूनचे असते. रस्ता, वीजवाहिनी, गुराखी, गाव हे सगळे चौकटीबाहेर ठेवून ते चित्रित केलेले असते. एखाद्या दूरच्या बेटाबाबत ते खरेही असेल. विदर्भाबाबत ते खरे नाही, आणि विदर्भातल्या मुलांनी ते खरे मानले तर त्याचे परिणाम पुढे दिसतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात ब्रह्मपुरी किंवा सिंदेवाहीकडून एखाद्या मजुराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाल्याची बातमी येते, तेव्हा शहरातल्या घरांमधून "पण तो माणूस जंगलात गेलाच कशाला?" असा प्रश्न सहज ऐकू येतो. हा प्रश्न निष्ठुर मनातून येतो असे मला वाटत नाही. ज्यांनी रान फक्त माणसांवाचून पाहिले आहे, त्यांना तो सुचणारच.

आमच्या शेजारचेच उदाहरण घ्यायचे तर 'टायगर : स्पाय इन द जंगल' या बीबीसीच्या २००८ सालच्या मालिकेचे घ्यावे लागेल. ती पेंचच्या मध्य प्रदेशातल्या भागात चित्रित झाली आणि तिचे निवेदन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचे आहे. निर्माते जॉन डाउनर यांनी त्यासाठी हत्तींना कॅमेरामन केले. ओंडक्यासारख्या दिसणाऱ्या आवरणात लपवलेले कॅमेरे हत्ती सोंडेत धरून नेत आणि वाघिणीच्या जवळ ठेवून येत. हत्तीची सवय असल्याने वाघीण बिचकत नसे. त्यामुळे बछड्यांचे दूध पिणे, त्यांची झटापट, पहिली फसलेली शिकार हे सगळे जमिनीच्या पातळीवरून, त्यांच्याच डोळ्यांच्या उंचीवरून दिसते. कुटुंबाने एकत्र पाहावे असे या मालिकेत पुष्कळ आहे, आणि नागपूरच्या मुलांनी तर ती आवर्जून पाहावी, कारण तिथले साग, तिथली कोरडी नाल्याची वाळू आणि तिथला उन्हाळ्यातला करडा रंग त्यांच्या ओळखीचा आहे.

त्या मालिकेमुळे जगभर पोहोचलेल्या वाघिणींपैकी एक म्हणजे पेंचची कॉलरवाली. २००८ साली तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवण्यात आली आणि तेच तिचे नाव झाले. आठ वेतांमध्ये तिने २९ बछड्यांना जन्म दिला. जानेवारी २०२२ मध्ये ती गेली, तेव्हा तिच्या देहावर फुले वाहिलेली, हार घातलेली छायाचित्रे सगळ्या वर्तमानपत्रांत आली. वनखात्याच्या लोकांबरोबर आसपासच्या गावांतली माणसे हात जोडून उभी होती आणि चितेला अग्नी देण्यात एका आदिवासी बाईंचा हात होता. मी मुलांना मालिका दाखवल्यानंतर ती छायाचित्रे दाखवली. पडद्यावर जी वाघीण कायम एकटी, आपल्या राज्यात वावरताना दिसली, तिला निरोप द्यायला इतकी माणसे कुठून आली, असे धाकट्याने विचारले. त्या एका प्रश्नातून पुढे बराच वेळ बोलणे चालले : ही माणसे आधीपासून तिथेच होती, कॅमेरा त्यांच्याकडे वळला नव्हता.

याचा अर्थ भव्य मालिका टाळाव्यात असा नाही. २००६ सालची 'प्लॅनेट अर्थ' मी कोणत्याही घराला आधी सुचवीन. अकरा भागांच्या या मालिकेला तयार व्हायला सुमारे ५ वर्षे लागली, आणि पाकिस्तानातल्या हिंदुकुशात मारखोर या रानबोकडाच्या मागे कड्यावरून झेपावणारा हिमबिबट्या तिने जगाला दाखवला. तोवर रानातल्या हिमबिबट्याची शिकार अशी सविस्तर कोणी टिपलेली नव्हती. हेलिकॉप्टरवर बसवलेल्या, न हलणाऱ्या कॅमेऱ्यामुळे आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या कळपाची शिकार अगदी वरून, त्यांना न छेडता, पूर्ण दिसते. कोण पुढे धावते, कोण बाजूने वळसा घेते, कोण दमल्यावर मागे येते हे सारे नकाशासारखे उलगडते. ते दृश्य पाहताना सासूबाईंनी आपल्याकडची रानकुत्री शीळ घालून एकमेकांना हाका मारतात हे सांगितले आणि तोंडाने तशी शीळ घालून दाखवली. आफ्रिकेतला तो प्राणी आणि आपले रानकुत्रे, म्हणजे ढोल, यांच्या जाती वेगळ्या आहेत, पण मुलांना त्या दिवशी दोन्ही एकदमच कळले. चांगल्या माहितीपटाकडून मी हीच अपेक्षा करते की घरातल्या जाणत्या माणसाला बोलायला त्याने जागा ठेवावी.

याच मालिकेतला करकोच्यांचा प्रसंग आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा पाहिला गेला असेल. कांड्या करकोच्यांचे थवे हिमालय ओलांडू पाहतात, वाऱ्याच्या झोतामुळे मागे फिरतात, सोनेरी गरुड त्यांच्यातला एखादा पक्षी थव्यापासून तोडतो, आणि तरी बाकीचे शिखरांच्या पलीकडे जातात. मालिका त्यांना तिथेच सोडते. पुढची गोष्ट मुलांना आपण सांगायची असते. हे करकोचे हिवाळ्यात भारताच्या मैदानांत उतरतात, आणि राजस्थानातल्या फलोदीजवळच्या खीचन गावात पिढ्यान् पिढ्या त्यांच्यासाठी दाणे टाकले जातात. हे ऐकताना सासूबाईंना सारस आठवले. महाराष्ट्रात आता सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया आणि भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांमध्ये, आणि तेही फार थोडे. जोडी एकमेकांभोवती पंख पसरून कशी नाचते, धानाच्या बांधीत काड्यांचा ढीग करून घरटे कसे बांधते, आणि त्या बांधीचा मालक रोवणीच्या वेळी तेवढा तुकडा कसा सोडून देत असे, हे त्यांनी इतक्या तपशिलाने सांगितले की आम्ही माहितीपट थांबवूनच ठेवला. आता कीटकनाशके आणि विजेच्या तारा या पक्ष्याच्या जिवावर उठल्या आहेत, हेही मुलांना त्याच दुपारी समजले. हिमालयावरचे करकोचे आणि गोंदियाचे सारस हे एकाच कुळातले आहेत हे पुस्तकातून शिकवावे लागले असते, तर ते किती काळ लक्षात राहिले असते कोण जाणे.

या मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी चित्रीकरण कसे झाले हे सांगणारा एक छोटा भाग जोडलेला आहे. तो वगळू नये. थंडीत आठवडेच्या आठवडे एका दरीकडे डोळे लावून बसलेली माणसे पाहिल्याशिवाय, दोन मिनिटांच्या दृश्यामागे किती प्रतीक्षा असते हे मुलांना उमगत नाही. सफारीला जाऊन वाघ न दिसल्याने रुसणाऱ्या मुलाला समजूत घालण्यापेक्षा हा भाग दाखवणे अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

चित्रीकरणाची गोष्ट निघाली म्हणजे खरे-खोटेपणाची गोष्ट आलीच, आणि ती मुलांपासून लपवू नये असे मला ठामपणे वाटते. दूरच्या अंतरावरून मोठ्या भिंगाने टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाज कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही. पानांवरची सळसळ, हाड मोडल्याचा कडकडाट, बर्फावरची पावले यांतले पुष्कळसे आवाज नंतर ध्वनिमुद्रणगृहात तयार करून चित्राला जोडले जातात. २०११ सालच्या 'फ्रोझन प्लॅनेट' मालिकेत बर्फाखालच्या गुहेतल्या ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिल्लांचे जे दृश्य आहे, ते नेदरलँड्समधल्या एका प्राणिसंग्रहालयात घेतलेले होते, आणि त्यावर ब्रिटनमध्ये बरीच चर्चा झाली. रानातल्या गुहेत कॅमेरा घातला असता तर मादीने पिल्ले टाकली असती, ही निर्मात्यांची बाजू मला पटते. मात्र प्रेक्षकाला ते पडद्यावरच सांगायला हवे होते असेही वाटते. १९५८ सालच्या 'व्हाइट विल्डरनेस'ची गोष्ट वेगळी आणि अक्षम्य आहे. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी सामूहिक आत्महत्या करतात असे दाखवण्यासाठी त्यांना मुद्दाम कड्यावरून खाली लोटण्यात आले, त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, आणि ती खोटी समजूत जगभर पसरली ती आजतागायत टिकून आहे.

हे सांगितल्याने मुलांचा रस कमी होईल अशी भीती पुष्कळ पालकांना वाटते. आमच्याकडे उलट झाले. 'प्लॅनेट अर्थ'च्या २०१६ सालच्या दुसऱ्या मालिकेत गॅलापागोसच्या फर्नांडिना बेटावर नुकतेच जन्मलेले इग्वाना या मोठ्या सरड्याचे पिल्लू सापांच्या घोळक्यातून धावते, ते दृश्य जगप्रसिद्ध आहे. ते आम्ही एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून पाहिले. आवाज बंद केल्यावर मुलांना साप कसे दगडांच्या फटींत निपचित पडून राहतात आणि हालचालीवर कसे झेप घेतात हे दिसले. आवाजासह पाहताना त्यांचे लक्ष फक्त पिल्लू वाचते की नाही याकडे होते. संगीत आपल्याला कोणाच्या बाजूने उभे करते हे मोठ्यांनीही असे पडताळून पाहण्यासारखे आहे. सापांनाही त्या काळातच वर्षभराची शिदोरी जमवायची असते.

निवेदनाच्या आवाजाचेही तसेच. २००५ सालचा ल्यूक जाके यांचा पेंग्विनांवरचा चित्रपट मूळ फ्रेंचमध्ये आहे, आणि त्यात नट पेंग्विनांच्या तोंडी प्रथमपुरुषी वाक्ये बोलतात. इंग्रजी आवृत्तीत मात्र मॉर्गन फ्रीमन बाहेरून गोष्ट सांगतात. चित्रे तीच, पण अनुभव निराळा. आमच्या घरी अर्थात दोन्ही उपयोगाचे नव्हते, कारण सासूबाईंना दोन्ही भाषा येत नाहीत. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात नर पेंग्विन दोन महिने अंडे पावलांवर तोलून, अन्नाचा कणही न घेता उभा राहतो, एवढे मराठीत सांगितल्यावर त्यांनी तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिला आणि अंडे बर्फावर घरंगळले तेव्हा त्यांच्या तोंडून "अगं माय" निघाले. ज्या घरात तीन पिढ्या एकत्र बसतात तिथे भाषेचा विचार आधी करायला हवा. काही मालिकांना हिंदी निवेदन उपलब्ध असते, पण ते पुष्कळदा फार आरडाओरडा करणारे असते. त्यापेक्षा ज्यात जवळजवळ निवेदनच नाही असे चित्रपट निवडणे मला बरे वाटते.

'मायक्रोकॉसमॉस' हा १९९६ सालचा फ्रेंच चित्रपट त्यांतला माझा सर्वांत लाडका आहे. क्लोद न्यूरिदसानी आणि मारी पेरेन्नू या जोडीने एका कुरणातले किडे इतक्या जवळून टिपले आहेत की शेणाचा गोळा ढकलणारा भुंगेरा अवाढव्य वाटू लागतो. त्याचा गोळा एका काट्यात अडकतो आणि तो सोडवण्यासाठी त्याने केलेली धडपड पाच वर्षांच्या मुलापासून पंचाहत्तरीच्या आजीपर्यंत सगळे सारख्याच उत्सुकतेने पाहतात. गोगलगायींच्या मीलनाचे दृश्यही त्यात आहे, ते लहानांसमोर लाजून पुढे ढकलण्याचे कारण नाही. हा चित्रपट मेअखेरीस दाखवावा. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत मृग लागतो, पहिल्या सरी येतात, आणि मग मुलांना अंगणातच लाल मखमली किडे, गांडुळे, वाळवीचे उडणारे पंख असे सारे पाहायला मिळते. जाक पेरँ यांचा २००१ सालचा 'विंग्ड मायग्रेशन' हाही कमी शब्दांचा चित्रपट आहे. त्यासाठी काही पक्षी अंड्यातून बाहेर आल्यापासून माणसांच्या सवयीचे केले गेले, जेणेकरून हलक्या विमानातून त्यांच्या बरोबरीने उडत चित्रण करता यावे. त्यात हिमालयावरचे पट्टकादंब आहेत, आणि हिवाळ्यात विदर्भाच्या तलावांवर तेच पक्षी उतरतात. मुले दुर्बीण घेऊन बसतात तेव्हा हा पक्षी कोणत्या उंचीवरून आला आहे हे त्यांनी आधीच डोळ्यांनी पाहिलेले असते.

शिकारीची आणि मरणाची दृश्ये मुलांना दाखवावीत का, हा प्रश्न मला अनेक आया विचारतात. आमच्या घरी त्याचे उत्तर सासूबाईंनीच दिले. चितळाचे पाडस मेले म्हणून रडणाऱ्या नातवाला त्या म्हणाल्या, "वाघ काय गवत खाईन का, बापू?" आणि त्याला जवळ घेतले. दृश्य बंद करण्यापेक्षा जवळ घेणे महत्त्वाचे असते. 'माय ऑक्टोपस टीचर' हा २०२१ साली ऑस्कर मिळवलेला चित्रपट या दृष्टीने फार मोलाचा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या समुद्री शेवाळाच्या वनात क्रेग फॉस्टर रोज बुडी मारून एका मादी ऑक्टोपसला भेटत राहतात. शार्क तिचा एक बाहू तोडतो, तो पुन्हा उगवतो, शेवटी ती अंडी घालते आणि अंडी फुटण्याच्या सुमारास तिचे आयुष्य संपते. इथे मरण अचानक येत नाही, तिच्या जगण्याच्या क्रमातच ते येते, आणि मुलांना ते समजते. 'अवर प्लॅनेट' मालिकेत वॉलरस हे सुळेवाले समुद्री प्राणी कड्यावरून कोसळतात ते दृश्य मात्र मी लहान मुलांसाठी सुचवणार नाही. मोठ्यांनी आधी पाहून ठरवावे.

आता ज्या चित्रपटांत माणसे चौकटीच्या आत आहेत त्यांच्याबद्दल, कारण माझ्या मते आपल्याकडच्या कुटुंबांनी सर्वांत जास्त वेळ तिथे द्यायला हवा. 'प्लॅनेट अर्थ'च्या दुसऱ्या मालिकेतला शेवटचा भाग शहरांवर आहे, आणि त्यात मुंबईचे बिबटे आहेत. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने रात्रीच्या अंधारात वस्तीजवळ डुकरांवर झडप घालणारा बिबट्या दिसतो, आणि मागे इमारतींचे दिवे. हे दृश्य पाहून माझ्या मुलांनी पहिल्यांदा विचारले, की मग तिथली माणसे रात्री बाहेर कशी जातात. हा प्रश्न त्यांना सेरेंगेटीच्या सिंहांबद्दल कधी पडला नव्हता.

कार्तिकी गोन्साल्विस यांचा 'द एलिफंट व्हिस्परर्स' हा २०२३ साली ऑस्कर मिळालेला लघुमाहितीपट पाऊण तासाहून थोडा कमीच आहे, आणि सगळ्यांनी एका बैठकीत पाहण्याजोगा आहे. मुदुमलाईच्या थेप्पकाडू हत्ती छावणीत बोम्मन आणि बेल्ली हे दांपत्य रघू नावाचे पोरके पिल्लू वाढवते. त्याला न्हाऊ घालणे, भरवणे, त्याच्यावर रागावणे हे सारे घरच्या लेकरासारखे चाललेले असते, आणि पुढे रघूला त्यांच्याकडून नेले जाते तेव्हा घर रिकामे होते. सासूबाईंना तमिळ येत नाही, तरी त्यांना त्यात काहीच समजावून सांगावे लागले नाही. जनावर पाळणे आणि त्याच्यावर जीव लावणे त्यांनी आयुष्यभर केले आहे. बोम्मन आणि बेल्ली यांचे रानाबद्दलचे ज्ञान कोणा निवेदकाच्या तोंडून येत नाही, त्यांच्याच वागण्यातून आणि बोलण्यातून ते दिसते, ही या माहितीपटाची मला भावलेली गोष्ट. आपल्याकडे मारुती चितमपल्ली यांनीही रान असेच ओळखून घेतले. वनाधिकारी असूनही ते नवेगावला तिथल्या रानाचे जाणकार माधवराव पाटलांकडे आणि रानात राबणाऱ्या माणसांकडे विद्यार्थी होऊन बसले.

माहितीपटाने नुसता पाहणारा बदलतो असे नाही, कायदाही बदलू शकतो, हे मुलांना कळावे म्हणून माइक पांडे यांच्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स'ची गोष्ट मी सांगते. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या अजस्र, निरुपद्रवी माशाची होणारी कत्तल त्यांनी २००० साली दाखवली. २००१ मध्ये या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, आणि असे संरक्षण मिळालेला तो भारतातला पहिला मासा ठरला. पण कायद्याने जाळी सुटत नाहीत. पुढे रामकथाकार मोरारी बापूंनी मच्छीमारांना सांगितले, की बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारते का, आणि त्यानंतर अडकलेला व्हेल शार्क सोडवण्यासाठी कोळ्यांनी आपली महागडी जाळी कापायला सुरुवात केली. हा शेवटचा भाग ऐकून सासूबाई म्हणाल्या, "असं सांगितल्यावर कोण मारंन?"

शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२ सालचा चित्रपट मी थोड्या मोठ्या, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवला होता. दिल्लीच्या वजीराबादेत नदीम आणि सऊद हे दोघे भाऊ जखमी घारींवर उपचार करतात. त्यांच्या तळघरात खोक्यांमध्ये घारी असतात, बाहेर हवा काळवंडलेली असते आणि शहरही अस्वस्थ असते. चित्रपट संथ आहे, कॅमेरा गटारातल्या कासवावर, उकिरड्यावरच्या उंदरांवर निवांत रेंगाळतो, आणि ज्यांना वेगाची सवय आहे त्यांना आरंभी जड वाटेल. पण नागपूरच्या मुलांना तो दाखवायलाच हवा. आपल्याकडे संक्रांतीला आकाश पतंगांनी भरते, बंदी असूनही नायलॉन मांजा वापरला जातो, आणि दरवर्षी घारी, पारवे, बगळे त्यात पंख कापून घेतात. आमच्या मोठ्या मुलीने तो पाहिल्यावर वसाहतीतल्या मुलांना जमवून झाडांवर लटकलेला मांजा उतरवायला सुरुवात केली. धाकट्याने तो पाहायला अजून दोन वर्षे आहेत, आणि मी त्याची वाट पाहते आहे.

एवढे सगळे पाहून झाल्यावर जे राहून गेलेले जाणवते ते आपल्याच भागाचे. विदर्भातल्या वाघावर चित्रीकरण पुष्कळ होते, पण त्यात बहुधा पाणवठा, वाघीण आणि बछडी एवढेच असते. मला जो माहितीपट कुटुंबासह पाहावासा वाटतो त्यात मार्चच्या पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बाया असाव्यात, आणि त्या कोणत्या आवाजाला थांबतात व कोणत्या आवाजाला मागे फिरतात हे दिसावे. तेंदूपत्त्याची पुडकी बांधणारे हात असावेत. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी ठेवलेल्या वाटा असाव्यात, जिथे भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत वाघ आणि रानकुत्री पुलाखालून जाताना टिपली गेली आहेत, वर ट्रक धावत असताना. गावात वाघ आल्यावर गर्दीला मागे सारणारी प्राथमिक प्रतिसाद दलातली पोरे असावीत. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात आलेल्या आणि २०१६ साली दिसेनासा झालेल्या 'जय' वाघाचा प्रवास त्यात असावा, पण तो त्याने ओलांडलेल्या शेतांच्या आणि त्या शेतांच्या मालकांच्या बाजूनेही सांगितलेला असावा. ज्या घरातले माणूस वाघाने नेले त्या घरालाही त्यात पुरेसा वेळ द्यावा. नुकसानभरपाईच्या रकमेवर ते दृश्य संपवू नये. त्याचे निवेदन मराठीत असावे, आणि जिथे नवेगावकडची एखादी म्हातारी झाडी बोलीत बोलते आहे, तिथे तिच्या आवाजावर दुसऱ्या कोणाचाही आवाज चढवू नये.